अर्थिंगला पाणी

मला भांडता येतं. नुसतं तोंडानं नाही, हातानंही. चार भावांच्या पाठची मी. आमच्या घरात भाकरी मागून मिळायची नाही, हिसकून घ्यावी लागायची. शाळेत एका मुलानं माझी वेणी ओढली तर मी त्याचं डोकं फळ्यावर आपटलं होतं, आणि वर मास्तरांना सांगितलं होतं की पुन्हा ओढली तर पुन्हा आपटीन. वडील तेव्हा अंबाजोगाईला पोस्टात होते. पोरगी जरा थंड व्हावी म्हणून त्यांनी मला गाण्याच्या बाईंकडं घातलं. थंड मी काही झाले नाही, पण कान मात्र तयार झाला.

कान तयार होणं म्हणजे काय, ते गाणं न शिकलेल्याला सांगणं अवघड आहे. शेजारी कुणी तंबोरा लावत असेल तर त्याची तार किती उतरलीय ते मला पोळ्या लाटता लाटता कळायचं. एसटीचा हॉर्न कुठल्या सुरात आहे ते कळायचं. बाई म्हणायच्या, हिचा गळा बेताचाच आहे, पण असा कान मी दुसरा पाहिला नाही. गळा बेताचा म्हटल्याचा मला तेव्हा राग आला होता. अजून आहे.

बाई वारल्या तेव्हा माझं शिकणं तोडीवर येऊन थांबलं होतं. तोडीतला गंधार इतर रागांतल्या कोमल गंधारापेक्षाही केसभर खाली लागतो. तो केस नेमका कुठं असतो ते बाई गाऊन दाखवायच्या, आणि आता दाखवायला कुणी उरलं नव्हतं. वडिलांकडं एक लाँगप्ले रेकॉर्ड होती. तिच्या एका बाजूला तोडीचा विलंबित ख्याल होता, जुन्या पिढीतल्या एका गायिकेचा. लग्नात मी दागिना मागितला नाही. ती रेकॉर्ड मागितली आणि ती वाजवायला वडिलांचा पेटीसारखा उघडणारा रेकॉर्ड प्लेअर मागितला. सासरचे म्हणाले, पोरगी भोळी दिसते. पुढं कळलं त्यांना.

आमचे हे साखर कारखान्यात. सहकारी कारखाना, बीड जिल्ह्यातला. नाव कशाला घेऊ. विजेचं सगळं खातं यांच्याकडं होतं. वसाहतीत दोन-दोन खोल्यांची क्वार्टरं, दोन घरांत मिळून एक भिंत. आमच्या भिंतीपलीकडं बॉयलरवरचा फिटर राहायचा आणि त्याची बायको. तिला सगळी वसाहत फिटरीणच म्हणायची. मी तोडी लावली की ती भिंतीवर थाप मारून विचारायची, वहिनी, ती बाई गाती का रडती? मी म्हणायचे, तुम्हाला न कळणाऱ्या गोष्टी करती. तरी आमच्या घरची आमटी तिच्याकडं जायची आणि तिच्याकडचा ठेचा आमच्याकडं यायचा.

हे शांत माणूस. इतके शांत की माझा जीव जायचा. शिवाय टर्बाइनजवळ उभं राहून राहून कानानं जड झालेले. स्वयंपाकघरातून काही सांगितलं की बाहेर यायचे आणि माझ्या तोंडाकडं बघत बसायचे. त्यामुळं आमच्या संसारात एक गोष्ट आपोआप ठरून गेली होती. हात यांचे, कान माझे. पंख्याचं बेअरिंग गेलंय का, मोटारीचा आवाज बदललाय का, हे मला विचारायचे, आणि मी सांगेन ते खरं धरून पाने-पकड घेऊन कामाला लागायचे. माझं बाकीचं म्हणणं यांनी किती ऐकलं ते जाऊ द्या, पण माझ्या कानावर या माणसाचा स्वतःपेक्षा जास्त भरवसा होता.

तर तो जुना प्लेअर. त्याची सुई म्हणजे नांगर होता हो. रेकॉर्ड चरत चालायची. ती उड्या मारू नये म्हणून वडिलांनी तिच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं चिकटवलं होतं, म्हणजे अजून जड. तोडी लावली की शेवटी सुईला काळा भुगा लागलेला असायचा. वरच्या षड्जावर गाणारी बाई पोचली की तिथं नुसती करकर. दर वेळी ऐकलं की रेकॉर्ड थोडी झिजत होती, आणि ती एकच होती. मग मी ती लावायची बंद केली. बंद केली तर गंधार माझ्या डोक्यातून सरकायला लागला. आज एक लागायचा, उद्या दुसराच. मला ती तोडी एकदा धड ऐकायची होती, रेकॉर्ड न खाणाऱ्या चांगल्या मशीनवर, आणि तो गंधार कायमचा डोक्यात बसवून घ्यायचा होता. माणसांना काय काय हवं असतं. मला एवढंच हवं होतं, पण ते मला असं हवं होतं की त्यासाठी मी कुणाचंही डोकं फोडलं असतं.

एके दिवशी सकाळी ते नाणं मी उपटलं आणि फेकलं. भिंतीवर फेकलं होतं, यांच्या कपाळाला लागलं. यांनी कपाळ चोळलं, नाणं उचलून खिशात घातलं आणि म्हणाले, औरंगाबादला बघतो.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष होतं. आष्टीकडची माणसं बैलगाड्या जुंपून ऊस तोडायला लांब गेली होती. आमच्या कारखान्याला तर ऊसच नव्हता, गाळप बंद. चिमणीला धूर नाही म्हटल्यावर माणसं बिथरतात हे मी तेव्हा पाहिलं. सभासद गेटवर येऊन दगड मारून जायचे. कारखान्याच्या निवडणुकीत दोन पॅनल झाली होती, आणि वसाहतीतही त्या रेघेनं घरं फाटली. हे एका पॅनलचे समजले जात, फिटर दुसऱ्या. यांना विचाराल तर पॅनलमधले उमेदवार कोण तेही सांगता आलं नसतं. एका टँकरच्या ड्रायव्हरला केबिनमधून ओढून इतका मारला की त्यानं पुन्हा आमचा रस्ता धरला नाही. कपिलधारला जाऊन आलेले लोक सांगायचे, धबधब्याच्या जागी नुसता काळा खडक. आणि अशा दिवसांत हा माणूस औरंगाबादच्या जुन्या बाजारातून टर्नटेबल घेऊन आला.

लोक तेव्हा कॅसेटच्या मागं लागले होते, रेकॉर्डी आणि मशिनी मातीमोल विकत होते. यांनी आणलेलं मशीन जड होतं. लाकडी बैठक, रबरी पट्ट्यावर फिरणारी थाळी, आणि काडीसारखा हलका हात, मागं वजन लावून तराजूगत तोललेला. सुई रेकॉर्डवर टेकायची ती माशी बसावी तशी. सगळ्या वाटेत हे एसटीत मशीन मांडीवर घेऊन बसले होते. मध्ये कुठं तरी एका माणसानं आपलं शेंगदाण्याचं पोतं त्यावर ठेवलं. जन्मात कुणावर आवाज न चढवलेल्या या माणसानं त्याची गचांडी धरली आणि त्याला खिडकीच्या गजांवर दाबला. कंडक्टरनं सोडवलं. हे मला दुसऱ्याच कुणी सांगितलं. ऐकून मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी शिरा केला.

लहान अँप्लिफायर यांनी घरीच जोडला. पहिल्यांदा तोडी लावली तेव्हा मी जमिनीवर बसले होते ती तशीच बसून राहिले. समेवर यायच्या आधी ती गाणारी बाई श्वास घ्यायची, तो श्वास ऐकू आला. तंबोऱ्याच्या जवारीचा, तारांच्या त्या झंकाराचा, एक एक धागा वेगळा झाला. करकर होती, पण मागं गेली होती, तिच्या पुढं येऊन बाई गात होती. आणि सगळ्याच्या खाली, तंबोऱ्याच्याही खाली, एक घूं. एकसारखं घूंऽऽऽ. धड कुठल्या सुरात नाही, दोन सुरांच्या मध्ये फसलेलं. गंधाराची वेळ आली की ते घूं खालून त्याला ढकलायचं आणि मला केस सापडायचा नाही.

मी सांगितलं, घूं येतंय. यांनी लगेच कारण सांगितलं. जुन्या प्लेअरची सुई आडदांड होती, तिच्यातून आवाज मोठा निघायचा. या नव्या सुईतून आवाज निघतो तो इतका बारीक की तो खूप मोठा करावा लागतो, आणि त्याच्याबरोबर वायरीतली घाणही मोठी होते. ती घाण जमिनीत जायला हवी. घरामागं अर्थिंगचा खड्डा होता. त्यात खाली तांब्याची पट्टी, भोवती मीठ-कोळसा, आणि वर पाणी घालायला एक पाइप. माती ओली असेल तर अर्थिंग चालतं. एरवी दर उन्हाळ्यात हे कारखान्यातल्या सगळ्या खड्ड्यांना पाणी घालून घ्यायचे, तो नियमच आहे. पण आता जमीनच वाळून भेगाळली होती. हे म्हणाले, पाणी लागंल.

पाणी. टँकर आठवड्यातून कधी दोनदा, कधी एकदा. सुरुवातीला यांनी सांडपाणीच घातलं. भांडी विसळलेलं, तांदूळ धुतलेलं. हे मागं खड्ड्यापाशी, मी आत मशीनपाशी. पाणी ओतायचे आणि खिडकीतून विचारायचे, "आता?" मी म्हणायचे, "आहे." पुन्हा थोडं. "आता?" "आहे, पण कमी झालं." असं आमचं चालायचं. आणि खरंच कमी होत होतं. मला आशा लागली होती.

त्याच आठवड्यात टँकरवर माझं भांडण झालं.

आमच्याकडं टँकरच्या रांगेत माणसं उभी राहत नाहीत, भांडी राहतात. पहाटे जाऊन हंडा ठेवून यायचा. तो हंडा म्हणजे तुम्हीच. त्याला कुणी हात लावला तर तो तुमच्या अंगाला लावल्यासारखा. मी पोचले तर माझा हंडा मागं सरकवलेला आणि त्या जागी फिटरणीची पितळेची कळशी. मी विचारलं नाही, सवरलं नाही, कळशीला लाथ घातली. ती गडगडत टँकरच्या चाकाखाली गेली. फिटरीण म्हणाली, काहून लाथ मारली, मी न्हाई सरकवला तुमचा. मी म्हटलं मग काय त्याला पाय फुटले का. आणि तिचा अंबाडा धरला. तिनं मला बोचकारलं, मी तिला खाली पाडली, तिच्या तोंडात माती गेली. बायका ओरडत होत्या पण कुणी रांग सोडली नाही, रांग सोडली की पाणी गेलं. मी उठून माझा हंडा पुढं ठेवायला वाकले. तेवढ्यात तिनं चाकाखालून कळशी ओढली आणि दोन्ही हातांनी फिरवून माझ्या डाव्या कानावर घातली.

डोळ्यांपुढं पांढरं झालं. कानातून गरम काहीतरी मानेवर आलं, हात लावला तर रक्त. तरी मी पाणी भरूनच घरी आले. मग लसूण घालून तेल कडकडवलं, कोमट झाल्यावर कानात ओतलं आणि वर कापूस कोंबला. आमच्याकडं कानाला हेच औषध. तेल आत गेलं तेव्हा मी उशी दातात धरली होती. हे म्हणाले दवाखान्यात जाऊ. मी म्हटलं, तिला आधी पाठवते दवाखान्यात, मग मी जाते.

कान ठणकायचा थांबला तशी मी पुन्हा तोडी लावली. घूं होतंच. उलट वाढलं होतं.

हे म्हणाले, मला तर काहीच ऐकू येत नाही. मी म्हटलं, तुमच्या कानांचं काय सांगता, तुमच्या शेजारी टर्बाइन फुटला तरी तुम्ही काय म्हणून विचाराल. ते हसले. त्यांनी मशीन उघडलं, एकेका वायरीला पुन्हा सोल्डरचा डाग दिला, मीटर लावला. मीटर म्हणत होता सगळं ठीक. मी म्हटलं, मीटरला तोडी कळते का? त्यांनी मीटर काढून ठेवला. दिवसभर अधूनमधून मला ते घूं ऐकू यायचंच, मशीन बंद असलं तरी. पण आमच्या घरामागं ट्रान्सफॉर्मर होता आणि तो गुणगुणतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी यांना म्हटलं, तोच शिरलाय आपल्या मशीनमध्ये. यांनी मान डोलावली. माझा कान सांगतोय म्हणजे घूं आहे. घूं आहे म्हणजे अर्थिंग नीट लागलं नाही. लागलं नाही म्हणजे पाणी कमी पडलं.

सांडपाणी तोवर संपलं होतं, कारण सांडायलाच काही उरलं नव्हतं. मग यांनी आपल्या वाटणीचं पाणी घालायला सुरुवात केली. अंघोळ बंद केली, ओल्या फडक्यानं अंग पुसायचे. मग जेवताना तांब्या अर्धाच घ्यायचे. ओठ फाटले, बोलताना रक्त यायचं. मी बघत होते. मी माझंही पाणी त्यांना दिलं असतं, पण त्यांनी ते घेतलं नसतं. आणि खरं सांगते, थांबा असं मी म्हटलं नाही. मला तोडी पाहिजे होती.

"आता?"

"आहे."

"आता?"

"आहे म्हटलं ना."

मग टँकर यायचाच बंद झाला. एक खेप चुकली, दुसरी चुकली. कुणी म्हणालं त्या पॅनलवाल्यांनी अडवला, कुणी म्हणालं या पॅनलवाल्यांनी. बायका रिकाम्या हंड्यांपाशी बसून होत्या. आमच्या माठात तळाशी थोडं होतं. त्या सकाळी मी तोडी लावली, हे आपला तांब्या घेऊन मागं गेले. त्यांनी पाइपात पाणी ओतलं, आणि ते ओतताना मागच्या कुंपणापलीकडून फिटरनं पाहिलं.

तो कुंपणावरून उडी मारून आला आणि यांच्या हातातला तांब्या काढून घेऊन त्यानं पाइपात वाकून बघितलं. पाणी आत मुरल्याचा आवाज येत होता. तो शिकलेला फिटर होता, हे काय चाललंय ते त्याला पुरतं कळलं. आतून तोडी ऐकू येत होती.

"माणसाला प्यायला न्हाई," तो म्हणाला, "आन तू जमिनीला पाजतो बे? गाण्यासाठी?"

हे म्हणाले, घूं येतंय म्हणून. एवढंच. दुसरा कुणी असता तर खोटं बोलला असता, फ्यूज गेलाय म्हणाला असता, काहीही म्हणाला असता. फिटरनं तोच तांब्या यांच्या तोंडावर मारला.

माणसं कुठून आली मला कळलं नाही. मी दारात आले तर अंगण भरलेलं. दोघांनी यांना मागून धरलं होतं आणि फिटर मारत होता. पोटात, बरगड्यांत, तोंडावर. यांनी हात उचलला नाही, डोळे मिटून उभे होते. एक दात पडला तो मी पाहिला. कुणी ओरडत होतं की याच्याच पॅनलनं टँकर अडवला आणि हे बघा घरात पाणी. दाराशी पहार होती. मी ती उचलली आणि फिटरच्या दंडावर घातली. हाड वाजलं. तो खाली बसला. दुसरा माझ्यावर आला, त्याच्या गुडघ्यावर घातली. मी तेव्हा काय काय शिव्या दिल्या ते मला लिहिता येणार नाही. माझ्या बाईंनी ऐकल्या असत्या तर गाणं शिकवायचं सोडून दिलं असतं. कुणी तरी पहार मागून धरली, मी ती सोडून त्याच्या नाकावर डोकं मारलं.

तोवर चारपाच जण घरात घुसले होते. त्यांनी माठ फोडला. त्यात काही नव्हतं हे पाहून ते जास्तच पिसाळले आणि टर्नटेबल उचललं. तोडी वाजत होती. तसंच, वाजतं मशीन, वायरीसकट ओढत त्यांनी बाहेर आणलं. भिंतीतला प्लग सुटला नाही, वायर तुटली आणि उघडी तार दाराच्या पत्र्याला लागून ठिणग्या उडाल्या. करंट, करंट असा एकच ओरडा झाला. माणसं मागं पळाली. मशीन त्यांच्या हातून अंगणात पडलं. लाकूड फुटलं, थाळी निघून गरगरत गेली, तो काडीसारखा हात मोडून पडला. ओरडा ऐकून सबस्टेशनवरच्या माणसानं मेन स्विचच पाडला.

सगळं बंद झालं. वसाहतीतले पंखे थांबले. ट्रान्सफॉर्मर गप्प झाला. माणसंही गप्प झाली, कारण धाप लागली होती. तोडीची रेकॉर्ड धुण्याच्या दगडापाशी पडली होती. मी जाऊन ती उचलली, पदरानं पुसली, उजेडात धरली. तिला कुठं साधा ओरखडा नव्हता.

आणि घूं चालूच होतं.

मी आधी मशीनकडं बघितलं. त्याची वायर तुटून पडली होती. मग ट्रान्सफॉर्मरकडं बघितलं. मग मी डावा कान हातानं दाबला, तर घूं मोठं झालं. उजवा दाबला तर सगळं जग गेलं आणि नुसतं घूं राहिलं. पुढं अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात दाखवलं. तिथं डॉक्टरांनी सांगितलं की पडदा फाटलाय, आतली नसही गेलीय, आणि हा आवाज आता जाणार नाही. पण ते मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. मला ते त्या अंगणातच कळलं होतं. मशीनमधलं घूं केव्हाच गेलं होतं. यांनी स्वतःच्या तोंडचं पाणी जमिनीत घालून ते कधीच घालवलं होतं, आणि मी आहे, आहे, म्हणत राहिले होते.

हे भिंतीला टेकून बसले होते. शर्ट रक्तानं भिजला होता. मी त्यांच्यापाशी गेले. मला वाटलं सांगू नये. पण खोटं मला कधी जमलं नाही, तेव्हाही जमलं नाही. मी म्हटलं, अहो, घूं मशीनमध्ये नव्हतं. माझ्या कानात आहे.

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मला वाटलं आता हा माणूस मला मारेल. मारायलाच पाहिजे होतं त्यांनी. मी गप मार खाल्ला असता.

"कोणत्या कानात?" त्यांनी विचारलं. पडलेल्या दातामुळं शब्द नीट येत नव्हता.

"डाव्या."

अंगणातली सगळी माणसं ऐकत होती. फिटर मोडका दंड धरून ऐकत होता. फिटरीण कुंपणापाशी उभी होती, तीही ऐकत होती.

"मग तोडी?" हे म्हणाले. "तोडी कशी ऐकणार तू?"

त्या माणसानं तोवर एक शब्द स्वतःबद्दल काढला नव्हता. आणि ते ऐकून माझं डोकं फिरलं. आयुष्यभर मला राग आला की मारायला समोर कुणीतरी असायचं. आता मारायला माणूस सापडेना. फिटर खाली पडलेला, हे रक्तबंबाळ, मशीन फुटलेलं. ते घूं माझ्याच डोक्यात बसलेलं, त्याला कुठं मारू? मी माझ्याच डाव्या कानावर मारायला लागले. पंजानं, मग मुठीनं. एकदा, दोनदा, मग मोजायचं भान राहिलं नाही. कानातून पुन्हा रक्त आलं तरी थांबले नाही. मी ओरडत होते, नीघ, नीघ म्हणून. यांना उठता येईना. बाकीचे पुरुष नुसते बघत राहिले. मघाशी मला धरायला धावलेला एकही पुढं आला नाही.

फिटरीण आली. कुंपण ओलांडून आली, पातळ काट्यात फाटलं. तिनं मागून माझे दोन्ही हात धरले आणि छातीशी आवळले. मी तिला लाथा घातल्या. डोकं मागं मारलं, ते तिच्या ओठावर बसलं. ती माझ्या उजव्या कानाशी एकसारखी म्हणत होती, मी न्हाई सरकवला वं तुमचा हंडा, देवाशप्पत मी न्हाई. मी वाकून तिच्या मनगटाला चावले, दात आत जाईपर्यंत चावले. तिनं हात सोडला नाही.